मांडवाचं डुक्कर

रोग कुठून आला हे सांगायला आमच्या क्षेत्रात माणसांची रांग लागते. पण ज्याच्या घरात रोग आला त्याला ते कधी सांगितलं, असं विचारलं की सगळे चष्मा पुसायला लागतात. मी जनावरांची डॉक्टर. दिंडोशीच्या बाजूला एका संशोधन संस्थेत काम करते. गाईगुरं, डुकरं, कोंबड्या आणि जंगलातली वटवाघळं यांच्यात नवे रोग कुठले शिरतायत, ते कसे पसरतायत, उद्या माणसात येतील का, हे शोधायचं आमचं काम. लोकांना सांगितलं की लोक म्हणतात, वा, किती महत्त्वाचं काम करता. मी काही बोलत नाही. बोलले तर मावशीच्या डुकराची गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगताना माझा आवाज चढतो. आज चढू दे.

आम्ही बोरिवलीला खाडीच्या अंगाला असलेल्या एका गावठाणातले. ख्रिस्ती, घरात मराठी बोलणारे, कधीकाळी भातशेती करणारे. शेतं गेली, त्यावर टॉवर आले. गावठाण मध्येच उरलं. गल्ल्या अशा की रिक्षा शिरली तर तिला उलटंच बाहेर यावं लागतं. बहुतेक घरांतली माणसं आता नोकऱ्या करतात. पण तीन-चार घरांनी मागच्या दारी डुकरं ठेवली होती, त्यांतलं एक माझ्या मावशीचं.

आमच्याकडे डुक्कर एका घराचं असलं तरी ते वाढवतं अख्खं गाव. प्रत्येक घराच्या मागच्या दाराशी एक बालदी असते. भाताची पेज, भाजीची सालं, मासळीची डोकी, शिळा पाव, जेवणातलं खरकटं, सगळं त्या बालदीत. दुपारी डुकरं ठेवणाऱ्या घरची बाई येते आणि बालदी रिकामी करून नेते. आणि डुक्कर कापलं की बालदी देणाऱ्या प्रत्येक घरी मटणाचा एक वाटा जातो. त्याचे पैसे कोणी मागत नाही, कोणी देत नाही. आणि एक गोष्ट. गावात कुणाकडे डुकरीण व्यायली, की सगळ्या बालद्या आधी तिच्याकडे जातात. ज्यांच्याकडे स्वतःची डुकरं आहेत तेसुद्धा आपली बालदी तिला देतात. पिल्लं अंगावर पितायत, तिला दूध यायला हवं. बाळंतिणीचा मान म्हणतात त्याला. मी लहान असताना मलाच पाठवायचे बालदी घेऊन, आणि वाटेत सांडली की आई धपाटा घालायची.

मावशीच्या मुलीचं लग्न नाताळानंतर ठरलं होतं. मावशी विधवा, मुलगी एकुलती एक. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे मांडव असतो. पहाटे डुक्कर कापायचं, दिवसभर रांधायचं, संध्याकाळी बँड लावून विहिरीवर पाणी आणायला जायचं. त्या दिवशीचं डुक्कर घरचंच लागतं. बाजारातून मटण आणून मांडव केला तर लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, पण वर्षभर म्हणत राहतात. मावशीने त्यासाठी एक नर वर्षभर पोसला होता. त्याच्या जोडीला आणखी दोन होती.

लग्नाला थोडे दिवस उरले असताना त्या दोनांतलं एक मेलं. मावशीने लगेच मला फोन केला. "गो, याचे कान बघ कशे जांभळे पडलेत. काल खाल्लं नाय, आज उठला नाय."

जांभळे कान म्हटल्यावर मी हातातलं काम टाकून उठले. डुकरांना एक जुना ताप येतो, त्यात असंच होतं, त्याची लस मिळते. आणि एक नवा ताप आहे, परदेशातून आलेला, गेल्या काही वर्षांत आपल्या देशात शिरलेला. त्यावर आपल्याकडे ना लस, ना औषध. माणसाला तो होत नाही, एवढीच मेहेरबानी. पण डुकराला झाला की डुक्कर गेलंच समजा. मटणात तो विषाणू जिवंत राहतो, रक्तात राहतो, मटण धुतलेल्या पाण्यात राहतो. नुसतं बघून दोन्ही तापांतला फरक कळत नाही. प्रयोगशाळेतच कळतो.

मी सरांना सांगितलं. सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. त्यांनी ताबडतोब गाडी दिली. हे मी आवर्जून सांगते, कारण नमुने घ्यायचे म्हटले की आमच्याकडे कुणाला उशीर होत नाही. आम्ही पांढरे सूट घालून गावठाणात शिरलो. मेलेल्या डुकराची प्लीहा काढली, मावशीच्या उरलेल्या दोघांच्या कानातून रक्त घेतलं. गल्लीतले लोक दारात उभे राहून बघत होते. मावशी अभिमानाने सगळ्यांना सांगत होती, माझी भाची हाय, डॉक्टर हाय.

मी मावशीला बाजूला घेतलं. म्हटलं, मेलेलं खोल पुरून टाक, वर चुना घाल. उरलेली दोन वेगळी बांध. निकाल येईपर्यंत काही कापू नकोस. ती म्हणाली, निकाल कवा येल? मी म्हटलं, दोन-तीन दिवसांत. आणि काही वाईट असेल तर सगळ्यात आधी तुला सांगेन. हे मी तिचा हात धरून सांगितलं.

दोन-तीन दिवस गेले, मग आणखी गेले. नमुने तपासायची खोली वेगळी, तिथली माणसं वेगळी. निकाल आधी सरांकडे जातो आणि सर पुढे देतात. मी रोज विचारायचे, सर रोज "पेंडिंग" म्हणायचे. मशीन बिघडलंय का? नाही. मग? पेंडिंग आहे गं, येईल. त्याच आठवड्यात त्यांनी मला मुलुंडला पाठवलं, जंगलाच्या त्या बाजूला. वटवाघळांच्या झाडाखाली प्लॅस्टिक अंथरायचं आणि वरून पडेल ते बाटलीत गोळा करायचं. मी दिवसभर वर मान करून उभी, आणि खिशात मावशीचा फोन वाजतोय. काय झालं गो? अजून नाही आला मावशी. काय झालं गो? नाही आला.

मांडवाच्या आदल्या दुपारी मी मुलुंडहून सरांना फोन केला. स्पष्ट सांगितलं की सर, उद्या पहाटे माझ्या मावशीकडे डुक्कर कापणार आहेत, लग्न आहे, मी तिला काय सांगू? ते म्हणाले, "निकाल नसताना आपण काही सांगू शकत नाही. जनरल सल्ला दे."

मी मावशीला फोन करून सांगितलं, कापू नकोस, बाजारातून आण, लोक काय म्हणतील ते म्हणू देत. ती चिडली. मावशी माझ्यावर फारशी कधी चिडत नाही. "तूच बोललीस ना, काय असंल तर पयलं मला सांगशील? मग सांगतलंस का? नाय. म्हणजे काय नाय. जनावर चांगलं खातंय, पितंय. पोरीच्या मांडवाला मी बाजारातलं मटण घालू?"

आता सांगा, काय चुकलं तिचं? तिला माझ्या शब्दावर विश्वास होता. वाईट असतं तर मी सांगितलं असतं, मी सांगितलं नाही, म्हणून ते वाईट नव्हतं. निकाल नाही आला, एवढंच मी पुन्हा म्हटलं. तिने फोन ठेवला.

दुसऱ्या संध्याकाळी मी पोचले तेव्हा मांडव लागला होता. बाया फुगे, म्हणजे आमच्याकडचे मैद्याचे गोल वडे, तळत होत्या, बाटल्यांत भरून ठेवतात त्या बाटली मसाल्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. डुक्कर पहाटेच कापलं होतं. वाटे सकाळीच घरोघर गेले होते, प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून. घरोघरच्या बायांनी मटण धुतलं, चरबी काढली, नको ते तुकडे बाजूला केले. आणि धुतलेलं पाणी, तुकडे, रक्त, सगळं नेहमीसारखं बालदीत गेलं. बालद्या गेल्या मावशीच्या शेजाऱ्याकडे. कारण त्यांची डुकरीण चार दिवसांपूर्वीच व्यायली होती.

हे शेजारी म्हणजे बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारे काका. माझ्या सगळ्या भावंडांच्या लग्नात त्यांनीच वाजवलंय. त्या दिवशीही विहिरीपर्यंत पुढे तेच होते, गाल फुगवून. परत आल्यावर त्यांनी मला मोबाइलवर पिल्लांचे फोटो दाखवले. "बघ गो, दहाच्या दहा जगली," म्हणाले. "सगळ्या गावाच्या बालद्या आयल्या आज तिला. मांडवाचं जेवन."

मी तिथेच खुर्चीवर बसले. मला कळत होतं काय झालं असेल, आणि हेही कळत होतं की मला अजून काहीच माहीत नाही. मी काकांना म्हटलं, काका, उद्यापासून बालद्या घेऊ नका. ते हसले. म्हणाले, लग्नाच्या घरात असं बोलू नये.

आठवडा झाला आणि त्यांची डुकरीण खायची थांबली. मग पिल्लं गेली, एकेक करून नाही, एकदमच. मग गावठाणाच्या दुसऱ्या टोकाच्या घरातली. मावशीचं उरलेलं तर आधीच गेलं होतं. त्यानंतर परराज्यातल्या मोठ्या प्रयोगशाळेचं शिक्कामोर्तब आलं, नवाच ताप आहे म्हणून. आणि मग सरकारी माणसं आली. गावात जी काही डुकरं उरली होती, त्यांत धडधाकटसुद्धा, ती सगळी मारून चुन्यात पुरली. नियमच तसा आहे, आणि तो नियम बरोबर आहे. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. मी त्या दिवशी तिथे उभी होते. काका घरात होते, बाहेर आले नाहीत.

गावात बोलणं सुरू झालं. पांढरे सूट घालून ती आली आणि मग डुकरं मेली. काहींनी तर सरळ म्हटलं की हिनेच सुया टोचून रोग घातला. ते मी सहन केलं. मूर्खपणाचा राग फार वेळ टिकत नाही. पण काका मावशीला म्हणाले, "तुझ्या भाचीला विचार, तिला ठावं असंल." आणि त्यानंतर ते मावशीशी बोलायचे बंद झाले. भिंतीला भिंत लागून घरं. आमच्या गावठाणात शेजारी अबोला धरतो तेव्हा ते भांडणाहून वाईट असतं, कारण भांडण संध्याकाळपर्यंत मिटतं.

मग मावशीने मला एकच प्रश्न विचारला. "तुमाला कवा कळलं?"

मी म्हटलं, सगळ्यांना कळलं तेव्हाच. ती म्हणाली, "तुज्या हापिसाला, गो. हापिसाला कवा कळलं?"

मला ठाऊक नव्हतं. तपासणी करणारी आमच्यातली एक मुलगी माझ्याबरोबर डबा खाते. मी तिला विचारलं. ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, मॅडम, नमुने आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. तीनही पॉझिटिव्ह होते. सरांनी सांगितलं होतं की तुम्हाला कळता कामा नये, तुम्ही घरच्या आहात म्हणून.

तीनही. म्हणजे मांडवाचं डुक्करसुद्धा. ते खात होतं, पीत होतं आणि त्याच्या रक्तात तो होता. हे आमच्या इमारतीत, माझ्या टेबलापासून दोन दरवाजे सोडून, एका कॉम्प्युटरवर होतं. मी "पेंडिंग" ऐकत होते आणि मावशी मसाला वाटत होती.

मी सरांच्या खोलीत गेले. दार लावायचंही भान राहिलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं बाहेर ऐकू गेलं. गेलं तर गेलं. सर शांत होते. अशी माणसं नेहमी शांत असतात, त्यानेच माझी आग मस्तकात जाते. ते म्हणाले, आपली प्रयोगशाळा रोग जाहीर करू शकत नाही, तो अधिकार आपला नाही. मी म्हटलं, जाहीर नका करू, एका बाईच्या कानात सांगा. ते म्हणाले, "एका बाईला सांगितलं की रात्रीत गावाला कळतं. लोक टेम्पो लावून डुकरं वसईला, विरारला विकून टाकतात. रोग सगळ्या पट्ट्यात जातो. हे झालेलं आहे, तुला माहीत आहे."

माहीत आहे. आणि मी त्यांना हेही मान्य केलं की होतं असं. भीती खोटी नव्हती. पण आमच्या गावठाणातलं डुक्कर टेम्पोने कधी जातच नाही. ते पिशवीने जातं आणि बालदीने जातं. हे त्यांनी कुणाला विचारलं? मी दोन दरवाजे सोडून बसले होते, मी त्याच बालद्या वाहत मोठी झाले. "बालद्या फिरवू नका" एवढं वाक्य, फक्त एवढंच, रोगाचं नावसुद्धा घ्यायला नको होतं. त्याने काकांची डुकरीण वाचली असती, पिल्लं वाचली असती, पलीकडचं घर वाचलं असतं. आणि मी त्यांना म्हटलं, फोनवर मी विचारत असताना, उद्या कापणार आहेत म्हणून सांगत असताना, तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला "जनरल सल्ला दे" म्हणालात. लाज नाही वाटली?

ते म्हणाले, तू भावनिक होते आहेस. मी म्हटलं, हो, झाले आहे, माझी माणसं आहेत ती. ते म्हणाले, "म्हणूनच तुला सांगितलं नाही."

काही महिन्यांनी सरांनी एका परिषदेत या उद्रेकावर भाषण केलं. शहरी वस्तीत डुकरांचा नवा ताप, नमुने अगदी सुरुवातीचे, असे नमुने सहसा मिळत नाहीत म्हणे. शेवटच्या स्लाइडवर मावशीच्या मागच्या दाराचा फोटो होता आणि खाली स्थानिक समुदायाचे आभार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून बाहेर गेले, कॉफीच्या टेबलाशी उभी राहिले आणि तिथल्या पोऱ्यावर उगाच खेकसले, की साखर एवढी कशाला घालता. त्या बिचाऱ्याचा काय संबंध.

मावशीला मी सगळं खरं सांगितलं. नमुन्यांच्या दुसऱ्या दिवशी कळलं होतं, मला सांगितलं नाही, मी विचारत होते. ती ऐकत राहिली. मला वाटलं होतं ती सरांना शिव्या देईल. आमच्याकडे शिव्यांची कमतरता नाही, आणि मावशी तर त्यात पटाईत. तिने एकही दिली नाही. मग म्हणाली, "तू लहान असताना तुज्या पोटात दुखलं तर तू आधी मला सांगायचीस, आयशीला नाय." एवढं बोलून ती भांडी घासायला गेली. मला तेव्हा वाटलं, तिचा राग गेला. किती बावळट होते मी.

नोकरी मी सोडली नाही. सोडावीशी वाटली होती, पण मग नमुने घ्यायला दुसरं कुणी गेलं असतं आणि त्याला बालदी म्हणजे काय हेही कळलं नसतं. मी मीटिंगांमध्ये भांडते. ज्याच्या घरचं जनावर, त्याला निकाल त्याच दिवशी सांगा, म्हणते. सगळे मान डोलावतात. सर म्हणतात, चांगला मुद्दा आहे, आपण मार्गदर्शक तत्त्वांत घेऊ. ती तत्त्वं अजून घेतायत.

डुकरं गेल्यावर मावशीने कोंबड्या आणल्या. डुकरांच्या रिकाम्या खोपटात जाळी मारली आणि गावठी कोंबड्या पाळल्या, बऱ्याच. सकाळी अंडी द्यायला ती स्वतः घरोघर जायची. गेल्या हिवाळ्यात पक्ष्यांच्या तापाच्या बातम्या यायला लागल्या. आमच्याकडे धावपळ सुरू झाली. कुठे कोंबड्या मेल्या तर लगेच कळवा, असं आम्ही सगळीकडे सांगत होतो, कारण हा ताप माणसात येऊ शकतो. मी मावशीला फोन केला. कोंबड्या कशा आहेत? बऱ्या हायत, म्हणाली.

त्या रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर मी तिच्याकडे गेले. ती ओट्यावर बसून लसूण सोलत होती. मागे आवाज नव्हता. मी उठून मागच्या दारी गेले. जाळीचं दार उघडं होतं, आत काही नव्हतं. जमीन खरवडून धुतलेली होती. एका कोपऱ्यात चुना पडला होता, नुकताच टाकलेला, पांढरा. चुना टाकायचा हे तिला मीच शिकवलं होतं.

मी परत येऊन तिच्यासमोर बसले. विचारलं, मावशी, कोंबड्या कुठे गेल्या?

"विकल्या," ती म्हणाली. लसूण सोलत राहिली.

मी म्हटलं, सगळ्या?

"सगल्या."

तिच्या हाताला, अंगठ्याच्या बाजूला, चुन्याने भाजल्यासारखा डाग होता. तिला दोन-तीनदा खोकला आला. मी विचारलं, ताप आहे का तुला? ती म्हणाली, नाय. मी पुढे होऊन तिच्या कपाळाला हात लावायला गेले. तिने मान मागे घेतली आणि सरकारी माणूस दारात आला की गावठाणातली बाई हसते, तशी हसली.

"काय नाय, डॉक्टर," म्हणाली. "तुमी चा घेणार का?"